‘रेकॉर्ड नाही’ म्हणाले, पण कुठल्या गावचं?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो. चुकलं तर सांगा. आईचा जन्म १९५७ चा, घरचे म्हणतात ‘सातारा जिल्हा’. तुम्ही न्यू जर्सीत, आणि तिच्या ग्रीन कार्डाच्या फाइलीला जन्माचा दाखला लागतोय. भाऊ कराड तालुक्यातल्या तिच्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन आला. तिथे ‘एवढं जुनं रेकॉर्ड आमच्याकडे नसतं’ एवढंच तोंडी सांगून त्याला परत पाठवलं. पासपोर्टावर जन्मतारीख १ जून १९५७ आहे. आता एक एजंट पंधरा हजारांत, महिन्याभरात नवी नोंद करून दाखला आणून देतो म्हणतोय, तर द्यावे का पैसे?

एजंटाला पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी नाही. कारण सांगतो. मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यातली अकरा वर्षं अभिलेख कक्षात काढली. निवृत्तीनंतरही लोक जुन्या नोंदी शोधायला सोबत नेतात. या सगळ्या वर्षांत मी पाहिलंय की न सापडलेल्या दहांपैकी निम्म्या नोंदी हरवलेल्या नसतात. त्या भलत्याच ठिकाणी, भलत्याच तारखेला आणि भलत्याच नावाने शोधलेल्या असतात. तुमच्या बाबतीत मला या तिन्हींची शंका येते.

ठिकाणापासून सुरुवात करू. जन्माची नोंद आईबाप राहतात तिथे होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. तुम्ही लिहिलंय की आई भावंडांत थोरली. मग मला सांगा, १९५७ साली आपल्याकडे पहिलं बाळंतपण कुठे होत होतं? सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी यायची. म्हणजे तुमच्या आईचा जन्म तिच्या वडिलांच्या गावात झालेला असण्यापेक्षा तिच्या आजोळी झालेला असण्याची शक्यता जास्त. आजोळ ‘विट्याकडचं’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यांत कामाचं वाक्य ते आहे.

विटा हे खानापूर तालुक्याचं ठिकाण, आज सांगली जिल्ह्यात. पण १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले आणि दक्षिणेकडच्या भागाला दक्षिण सातारा जिल्हा म्हणू लागले. त्याचं नाव १९६० मध्ये सांगली जिल्हा झालं. त्यामुळे तिकडची जुनी माणसं अजूनही ‘आमचा जन्म साताऱ्यातला’ म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या जन्माच्या वेळच्या कागदावर खरोखरच सातारा असतं. पुढे खानापुरातून कडेगाव तालुका वेगळा झाला. गाव आज कडेगावात मोडत असलं तरी तालुका वेगळा होण्याआधीची दप्तरं मूळ तालुक्याला राहिलेली असू शकतात. तेव्हा गाव ठरलं की पुढचा प्रश्न हा, की १९५७ साली ते गाव कोणत्या तालुक्यात होतं.

गाव नक्की कसं करायचं? आईचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. लोक जन्मतारीख पाहतात आणि तो रकाना वाचतच नाहीत. दाखला हरवला असेल तर प्राथमिक शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा मागा. तो मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने मिळतो. पहिलीत घालतानाचा उतारा सगळ्यांत चांगला, कारण त्या वेळी वडील स्वतः शाळेत आलेले असतात. नंतरचे दाखले त्यावरूनच उतरवलेले असतात.

आता तारीख. १ जून पाहिलं की आमच्या पिढीतल्या कारकुनाला हसू येतं. शाळा जूनमध्ये उघडायची. मूल सहा-सात वर्षांचं दिसतंय, जन्मतारीख सांगता येत नाही, मग मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या कार्यालयात एका वर्षी ३१ मेला तेरा जण निवृत्त झाले आणि तेराही जणांचा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. तुमच्या आईचीही तारीख मास्तरांनी दिलेली असेल, तर १ जून १९५७ या तारखेखाली नोंद सापडणार नाही. शोध घ्यायला सांगताना १९५५ ते १९५९ अशी पाच वर्षं द्या. शोधण्याची फी वर्षागणिक लागते, पण ती किरकोळ असते. आणि आईच्या आत्याबाईंना तारीख विचारू नका, सण विचारा. ‘पंचमीच्या आधी की नंतर’, ‘सुगी चालू होती का’, ‘गावची जत्रा झाली होती का’. एका आजीबाईंनी मला सांगितलं होतं की धाकटा झाला त्या दिवशी घरात हुरडा होता. वर्ष अंदाजाने माहीत होतंच. हुरड्याचे दिवस धरून डिसेंबर-जानेवारीची पानं काढली आणि तिसऱ्या पानावर नोंद मिळाली.

तिसरी गोष्ट नावाची. बारसं होण्याआधीच पाटलाकडे खबर दिलेली असायची, त्यामुळे जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. नुसतं ‘मुलगी’ किंवा ‘स्त्री’ लिहिलेलं असतं. तुमच्या आईचं नाव घेऊन कारकुनाने पान चाळलं तर तो ‘नाही’च म्हणणार. शोध तुमच्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या नावाने घ्यायचा. तोही आडनावाने नाही, कारण बऱ्याच वह्यांत ‘अमुक बिन तमुक’ (म्हणजे तमुकचा मुलगा अमुक) एवढंच असतं आणि पुढच्या रकान्यात जात. काही गावांत खबर देणारा म्हणून बाळाच्या मामाचं किंवा आजोबांचं नाव असतं. बाळंतपण माहेरी झालं असेल तर हा रकाना फार उपयोगी पडतो. म्हणून आईच्या आजोबांचं आणि मामांचं नावही कागदावर लिहून न्या.

ही वही म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे खिडकीवर काय मागायचं ते कळेल. आजचा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, तो आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्याकडे निबंधक (नोंदवही ठेवणारा अधिकारी) म्हणून असतात आणि दाखला नमुना ५ मध्ये मिळतो. त्याआधी गावातल्या जन्ममृत्यूची खबर गावकामगारांकडे, म्हणजे पाटील-कोतवालांकडे जायची. महसुली दप्तरात त्या वहीला गाव नमुना १४ म्हणतात. विदर्भात तिलाच कोतवाल बुक म्हणतात आणि तिकडचे लोक ‘कोतवाल बुकाची नक्कल’ मागतात. या वह्या पुढे तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा झाल्या. काही गावांत ग्रामपंचायतीकडेच राहिल्या. कुठे काय आहे ते गावागणिक बदलतं, त्यामुळे ‘सगळ्या जुन्या नोंदी तहसीलला मिळतात’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तुमच्या भावाला ग्रामपंचायतीत जे उत्तर मिळालं ते त्यामुळे कदाचित खरंही असेल. पण ते तोंडी उत्तर आहे आणि बहुधा चुकीच्या गावचं आहे. तोंडी ‘नाही’ला काही किंमत नसते. लेखी ‘नाही’ला भरपूर असते, त्याबद्दल पुढे लिहितो.

भावाने आता विट्याच्या तहसील कार्यालयात नकलेसाठी अर्ज करावा. साधा अर्ज, कोर्ट फीचं तिकीट लावून. त्यात लिहायचं: मौजे अमुक, तत्कालीन तालुका खानापूर, गाव नमुना १४, सन १९५५ ते १९५९, बापाचे नाव, आजोबांचे नाव, अपत्य स्त्री. सोबत आईचं आधार, भावाचं नातं दाखवणारा कागद आणि आईचं अधिकारपत्र. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे निबंधकाच्या नोंदवहीतून कोणालाही शोध घ्यायला लावून उतारा मागता येतो, पण खिडकीवर नातं विचारतातच. वाद घालण्यापेक्षा कागद जोडलेला बरा. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासह. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

एक गोष्ट प्रत्यक्ष पाहिली नसेल तर कल्पना येत नाही, म्हणून सांगतो. अभिलेख कक्षात गावांच्या वह्या कापडी रुमालात बांधलेल्या असतात. रुमालाच्या गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर गाव आणि साल. चिठ्ठ्या पडतात, बदलतात. वही उघडली की कसरीने खाल्लेली भोकं असतात, कडा बिस्किटासारख्या मोडतात, आणि शाई तपकिरी झालेली असते. एक ओळ म्हणजे एक जन्म: अनुक्रमांक, नोंदीची तारीख, जन्माची तारीख, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात, धंदा, खबर देणाराची सही किंवा अंगठा. मी स्वतः एकदा एका गृहस्थांना ‘नोंद आढळत नाही’ असं लिहून दिलं होतं. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी शेजारच्या गावाचा रुमाल सोडला, तर त्यात यांच्या गावाची चार वर्षांची वही निघाली, आणि त्यात त्यांची नोंद. घरी जाऊन सांगितलं. त्यांना त्याचा तोवर काही उपयोग राहिला नव्हता. तेव्हापासून मी वाडीची, शेजारच्या गावाची आणि पुढच्या सालची वही पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हटलं नाही. तुमच्या भावालाही तेच सांगा: कारकुनाला गोड बोलून शेजारचा रुमाल सोडायला लावायचा.

कारकून ‘वह्याच नाहीत’ म्हणाला तर माहिती अधिकारात वेगळा अर्ज करा. नोंद मागू नका. ‘या गावच्या गाव नमुना १४ च्या कोणत्या वर्षांच्या वह्या या कार्यालयात उपलब्ध आहेत आणि नसल्यास त्या कोणत्या कार्यालयाकडे आहेत’ एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि लेखी विचारलं की वह्या सापडण्याचं प्रमाण वाढतं. आणखी एक: २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर ही दप्तरं उपसली गेली. अनेक जिल्ह्यांनी सापडलेली पानं स्कॅन करून गावनिहाय संकेतस्थळावर टाकली आहेत. तिथे ‘कुणबी’ लिहिलेल्या नोंदींचीच पानं आहेत, पण एका पानावर इतरही नोंदी असतात. गावाचं नाव टाकून पाहायला पैसे लागत नाहीत. दुसरा फायदा असा की त्या मोहिमेत कित्येक रुमाल पहिल्यांदाच झटकले गेले.

मोडीची भीती बाळगू नका. १९५७ ची वही बहुतेक बाळबोध म्हणजे देवनागरीतच असते. आजीची, पणजोबांची नोंद हवी असेल तर मोडी लागेल. तेव्हा पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गातून तयार झालेल्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. मराठवाड्यातल्यांचं गणित निराळं, तिथे निजामाच्या काळातले कागद उर्दूतही असतात आणि सन फसली. फसलीत ढोबळमानाने ५९० मिळवले की इसवी सन येतं. गोव्यातल्यांनी तहसीलला जाऊन उपयोग नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणीची स्वतंत्र कार्यालयं आहेत आणि जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्येच मिळतात. वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची बाप्तिस्म्याची वही असते. ती जन्मनोंद नव्हे, पण पूरक पुरावा म्हणून उत्तम. आणि जन्म शहरातल्या दवाखान्यात झाला असेल तर त्या वेळच्या नगरपालिकेची वही शोधायची. ती आज कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावं लागतं. सांगली, मिरज आणि कुपवाडची १९९८ मध्ये एक महापालिका झाली, तर जुन्या पालिकांची दप्तरं तिच्याकडे आली. मुंबईत जन्म ज्या विभागात झाला त्या विभाग कार्यालयाकडे विचारायचं.

समजा नोंद सापडली. तहसीलमधून मिळेल ती नक्कल, नमुना ५ चा छापील दाखला नव्हे. त्याने बिचकू नका. ‘खरी नक्कल’ असा शेरा, सही, पदनाम, गोल शिक्का आणि तारीख हे सगळं आहे ना एवढं जागेवरच तपासा. पदनामाशिवायची सही पुढे त्रास देते. निदान तीन प्रती घ्या, कारण परत चकरा मारणं महाग पडतं. इंग्रजी भाषांतराला भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला अपोस्टील (कागद खरा असल्याचा परराष्ट्र खात्याचा शिक्का) सहसा मागत नाहीत. युरोपातल्या देशांना बऱ्याचदा लागतं. तेव्हा कोणी त्याचेही पैसे मागितले तर आधी गरज विचारा.

नकलेत १ जूनऐवजी दुसरी तारीख निघाली, तर? ही अडचण खरी आहे आणि तिचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. पासपोर्टातली तारीख जन्मनोंदीप्रमाणे बदलून घ्यायची, की तफावतीचा खुलासा करून दोन्ही द्यायचं, हे तुमच्या तिकडच्या इमिग्रेशन वकिलाने ठरवावं. माझं मत विचाराल तर एवढंच: नोंद वाकवायला जाऊ नका. ‘आधारसारखी तारीख करून द्या’ म्हणून लोक येतात. वहीत खाडाखोड झाली की ती नोंद कायमची संशयात जाते. बाळाचं नाव नसणं आणि माहेरचं-सासरचं नाव वेगळं असणं या दोन्ही गोष्टी नेहमीच्याच आहेत. प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि शाळेचा उतारा मिळून त्या भागतात. जन्मनोंदीत नाव दाखल करायची नियमांत १५ वर्षांची मुदत आहे आणि राज्याने ती वेळोवेळी वाढवून दिली आहे, पण तुमच्या कामाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही.

आणि नोंद नाहीच सापडली तर? तर लेखी ‘नाही’ घ्या. निबंधकाकडून नमुना १० मध्ये अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळतं, तहसीलकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असं पत्र. दोन्ही गावांचं घ्या, वडिलांच्याही आणि आजोळच्याही. त्यात शोधलेली वर्षं लिहिलेली असू द्या. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं अशा प्रमाणपत्रासोबत शाळेचे कागद आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या निदान दोघांची प्रतिज्ञापत्रं पाहतं. इथे लोक हमखास चुकतात. तुमचे मामा आईपेक्षा धाकटे, ते तिच्या जन्माचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. तुम्ही लिहिलेल्या त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई मात्र तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या प्रतिज्ञापत्रात त्यांचं नातं, त्यांचं त्या वेळचं वय, जन्म कोणाच्या घरी झाला, आईबापांची नावं आणि हे त्यांना कसं माहीत, एवढं त्यांच्याच शब्दांत यावं. दुसरं माणूस आजोळकडचं शोधा. हे काम नोंदीची वाट न पाहता याच महिन्यात करा. वय पाहता याहून स्पष्ट लिहायला नको.

आता तुमच्या एजंटाकडे येतो. तो म्हणतो ती ‘नवी नोंद’ म्हणजे कलम १३ खालची विलंबित नोंद. वर्ष उलटून गेलेल्या जन्माला पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. पुढे या आदेशांचा गैरवापर झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२५ मध्ये राज्याने ही कामं काही काळ थांबवून पडताळणी बरीच कडक केली. त्यामुळे पंधरा हजारांत महिन्याभरात दाखला हे ऐकूनच माझे कान टवकारले. बनावट संकेतस्थळांवरून क्यूआर कोडसकट छापलेले दाखले मी पाहिलेत. स्कॅन केलं की मोबाइलवर सगळं खरं दिसतं, फक्त संकेतस्थळाचा पत्ता सरकारी नसतो. रीतसर काढला तरी १९५७ च्या जन्माची नोंद आज झालेली पाहून परदेशी अधिकारी पूरक पुरावे मागतोच. म्हणजे शाळेचे कागद आणि प्रतिज्ञापत्रं तुम्हाला तरीही द्यावीच लागणार. नवी नोंद करायला सुद्धा आधी ‘नोंद नाही’चं प्रमाणपत्र लागतंच. मग ते हातात आल्यावर वकिलाला विचारा, एवढ्यावर भागतं का. बहुतेक भागतं.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट सगळीकडे त्यांना जन्मदाखलाच लागणार. तुमच्याकडे भारतात कोणाला नातवंडं झाली असतील तर त्यांना एकवीस दिवसांच्या आत नोंद करायला सांगा, नावासकट. मूळ प्रश्नाशी याचा संबंध नाही, सवयीने सांगितलं.

तर भावाला क्रमाने सांगा: आधी शाळेचा उतारा काढून जन्मस्थळाचा रकाना वाचायचा, मग आत्याबाईंकडे बसून सणावरून महिना काढायचा, मग विट्याला नकलेचा अर्ज. मी विट्याच्या अभिलेख कक्षात काम केलेलं नाही, पण तिथलं एक-दोन जुन्या गावांचं काम केलंय. सोमवारी आणि बाजारच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत कोणी रुमाल सोडत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला जा, जुना चष्मा लावणारा कारकून असेल त्याच्याकडे. आजोळच्या गावाचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर काय निघालं ते मला कळवा, म्हणजे अर्जाचा मजकूर नेमका लिहून देतो.